वेबसाइट उघडताच समोरच्याला काय दिसतं? गोव्यातल्या नवख्यांसाठी

फोंड्याजवळचा होमस्टे, म्हापशातलं काजूचं दुकान, गावचं देवस्थान, नाट्यमंडळ, घरी चालणारे गाण्याचे क्लास. गोव्यात आता या सगळ्यांना वेबसाइट हवी असते. भाचा किंवा ओळखीतला कुणीतरी ती करून देतो, साइट गूगलवर दिसायलाही लागते. मग माणसं येतात, अंगठ्याने दोनदा पान सरकवतात आणि निघून जातात. हा लेख त्या दोन सरकवण्यांपुरता आहे. साइट बांधायची कशी हे इथे नाही. बांधलेली साइट उघडल्यावर पहिल्या काही सेकंदांत काय घडलं पाहिजे एवढंच आहे.

कॅनडातल्या कार्लटन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना वेबपानं फक्त ५० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग, दाखवली आणि कशी वाटली ते विचारलं. तीच पानं दहापट जास्त वेळ दाखवल्यावरही मतं फारशी बदलली नाहीत. डिझाइन विकणारी मंडळी हा प्रयोग सारखा सांगत असतात, आणि त्यावरून ‘साइट देखणी हवी’ असा अर्थ काढतात. माझ्या मते अर्धीच गोष्ट सांगतात. तेवढ्या वेळात माणूस पान वाचत नाही. स्वच्छ आहे की गिचमिड, एवढंच त्याला कळतं. त्यानंतर तो शोधतो ते स्वतःच्या प्रश्नाचं उत्तर. आपल्याकडचा पाहुणा सहसा प्रश्न घेऊनच येतो, कारण त्याला लिंक कुणीतरी पाठवलेली असते. म्हणून सुरुवात रंगांपासून करू नका.

आधी फोनवरचे प्रश्न लिहून काढा

एक कागद घ्या आणि लोक तुम्हाला फोनवर काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. होमस्टेवाल्याला विचारतात: मोपा विमानतळाहून किती लांब? जेवण मिळतं का? गाडी लावायला जागा आहे? देवस्थानच्या कार्यालयात विचारतात: आरती किती वाजता? अभिषेकाला आधी नाव द्यावं लागतं का? राहायची सोय आहे? काजूच्या दुकानात दर आणि पार्सल. नाट्यमंडळाला प्रयोग कधी, कुठे, तिकीट कुठे मिळेल.

यातले सगळ्यात जास्त वेळा येणारे तीन प्रश्न निवडा. त्यांची उत्तरं पान न सरकवता दिसली पाहिजेत. बाकी सगळं, म्हणजे संस्थेचा इतिहास, संस्थापकांचा फोटो, मिळालेले सत्कार, खाली जाऊ दे. यावर घरात किंवा समितीत वाद होणार, हे धरून चाला. ‘अध्यक्षांचं मनोगत’ पहिल्या पडद्यावरून, म्हणजे पान न सरकवता दिसणाऱ्या भागातून, हलवणं हे या कामातलं सगळ्यात अवघड काम आहे. तांत्रिक भाग त्यामानाने सोपा.

साइट उघडण्याआधीची साइट

गोव्यात तुमच्या साइटशी पहिली गाठ बहुधा व्हॉट्सॲपवर पडते. कुणीतरी ग्रुपवर लिंक टाकतो, तिच्याबरोबर एक छोटा चौकोन येतो: चित्र, मथळा, एक ओळ. तो चौकोन रिकामा असेल, किंवा त्यात नुसतं ‘होम’ एवढंच लिहिलेलं असेल, तर पुष्कळ जण लिंकवर बोट ठेवतच नाहीत. फसवणुकीच्या लिंक इतक्या फिरतात की लोक सावध झालेत, आणि बरोबरच आहे त्यांचं.

तो चौकोन पानाच्या कोडमधल्या ओपन ग्राफ नावाच्या खुणांवरून तयार होतो. वर्डप्रेस वापरत असाल तर एसईओच्या (साइट गूगलवर नीट सापडावी यासाठीच्या) कुठल्याही नेहमीच्या प्लगिनमध्ये, म्हणजे जोड-साधनामध्ये, त्याची जागा असते. तयार साइट बनवून देणाऱ्या सेवांमध्ये ‘सोशल शेअर’ किंवा तत्सम नावाखाली. तीन गोष्टी भरा. चित्र १२०० बाय ६३० पिक्सेलचं, वजनाने ३०० केबीच्या आत. मथळ्यात नाव आणि गाव. वर्णनात एकच कामाची ओळ. मग स्वतःलाच लिंक पाठवून बघा. व्हॉट्सॲप जुना चौकोन काही काळ धरून ठेवतं, त्यामुळे बदल दिसला नाही तर लिंकच्या शेवटी प्रश्नचिन्ह आणि एखादा आकडा जोडून पुन्हा पाठवा.

याच बैठकीत साइटचा पत्ता ‘https’ ने सुरू होतो का तेही तपासा. जुलै २०१८ पासून क्रोम ब्राउझर साध्या ‘http’ साइटवर, म्हणजे जिथली देवाणघेवाण सांकेतिक केलेली नसते अशा साइटवर, ‘सुरक्षित नाही’ असा शेरा मारतो. पाहुण्याने पहिली वाचलेली ओळ ही असेल तर पुढचं सगळं वाया. ‘https’ साठी लागणारं प्रमाणपत्र लेट्स एनक्रिप्टसारख्या संस्थेकडून फुकट मिळतं आणि बहुतेक होस्टिंगवाले, म्हणजे साइटला इंटरनेटवर जागा देणारे, ते एका बटणावर लावून देतात. ते आपोआप नूतनीकरण होईल असं मात्र सांगून ठेवा.

पहिला पडदा

समजा मार्दोळला एका कुटुंबाचा होमस्टे आहे. अशा साइटवर वरच्या भागात सहसा हे आढळतं:

*॥ श्री ॥ आमच्या संकेतस्थळावर आपले सहर्ष स्वागत आहे! निसर्गरम्य परिसरात, आपुलकीच्या वातावरणात एक अविस्मरणीय अनुभव.*

मागे तीन फोटो आपोआप सरकताहेत, त्यातला एक समुद्रकिनाऱ्यावरच्या माडांचा. फोंडा तालुक्याला समुद्रकिनाराच नाही. आणि वरची ओळ पेडणेपासून काणकोणपर्यंत कुणाच्याही साइटवर चिकटवता येईल. आता हे बघा:

*मार्दोळ, ता. फोंडा. चार खोल्यांचा घरगुती होमस्टे.*
*म्हाळसेच्या देवळाजवळ. आदल्या दिवशी सांगितल्यास घरचं जेवण, शाकाहारी किंवा मासळीचं. दोघांना एका रात्रीचे २,२०० रुपये, नाश्ता धरून. गाडी अंगणात लावता येते.*
*व्हॉट्सॲपवर विचारा · फोन करा · नकाशा*

यात कौतुकाचं एकही विशेषण नाही, तरी घर डोळ्यांसमोर येतं. दर लिहायला बरेच जण कचरतात: हंगामात बदलतो, शेजारी बघेल. ‘२,२०० रुपयांपासून’ असं लिहा, नाताळातला दर वेगळा असेल तर तसं सांगा, पण काहीतरी आकडा द्या. आकडा नसला की पाहुणा ‘महाग असणार’ असं धरून पुढच्या साइटवर जातो.

बटणं तीनपेक्षा जास्त नकोत, आणि त्यातलं एक बाकीच्यांपेक्षा ठळक असू दे. अंगठ्याला सहज सापडतील अशी, साधारण ४८ पिक्सेल उंचीची. फोन नंबर चित्रात छापू नका. चित्रातला नंबर दाबता येत नाही, तो पाठ करून डायल करायला कुणी बसत नाही. व्हॉट्सॲपच्या बटणाला आधीच टाइप केलेला संदेश जोडता येतो. ‘होमस्टेबद्दल विचारायचं आहे, तारखा:’ एवढा पुरे. समोरचा माणूस तारखा टाकून पाठवून देतो आणि तुमची पहिली फेरी वाचते.

सरकणारे फोटो काढूनच टाका. दुसरा फोटो येईपर्यंत कुणी थांबत नाही, आणि वाचत असलेली ओळ हातातून निसटते ती वेगळीच.

दुकान असेल तर वेळ पहिल्याच पडद्यावर. आपल्याकडे दुपारी एक ते चार दुकान बंद, हे गोंयकाराला सांगावं लागत नाही, पण पुण्याहून आलेल्या माणसाला ठाऊक नसतं. तो भर उन्हात म्हापशाच्या बाजारात बंद शटरसमोर उभा राहिला, तर तुमचे काजू कितीही चांगले असोत, त्याचं मत तिथेच बनलेलं असतं.

फोटो: कुठला, कसा, केवढा

फोटो तुमच्याच जागेचा, तुमच्याच मालाचा. इंटरनेटवरून उचललेला माड-समुद्र-सूर्यास्त लोक शेकडो ठिकाणी बघून आलेले असतात. जुन्या घराचं राजांगण, सोप्यावरचा बाक, तुळशीवृंदावन, चुलीवरची कढई, कोकमं वाळत घातलेली चटई: यातलं जे खरंच तुमच्याकडे आहे ते दाखवा. खोलीचा फोटो सकाळी, खिडकी उघडून, दिवे बंद करून घ्या. पलंगावर टॉवेलाचे हंस नसले तरी चालतं. न्हाणीघराचा फोटोही घाला. कुटुंबासह येणारी माणसं तो आवर्जून शोधतात आणि तो नसला की शंका घेतात.

मोसमाचं भान ठेवा. जुलैत साइट उघडणाऱ्याला डिसेंबरची कोरडी वाट आणि निळं आकाश दाखवलंत, तर तो येऊन लाल चिखलात उतरणार. पावसाळ्यातले दोन फोटो वेगळे काढून ठेवा आणि जूनमध्ये बदला. खानावळीच्या साइटलाही हेच लागू. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते. त्या दिवसांत पहिल्या पडद्यावर ‘ताजी इसवण रोज’ असं झळकत असेल, तर जाणकार गिऱ्हाईक मनात हसतं आणि दुसरीकडे जातं.

आता वजन. फोनवर काढलेला साधा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा असतो आणि ३ ते ५ एमबी खातो. तो जसाच्या तसा चढवला तर पाहुण्याच्या फोनवर हळूहळू वरून खाली उलगडत बसतो. काम असं करा: स्क्वूश नावाचं फुकट साधन ब्राउझरमध्ये उघडा. फोटो तुमच्याच यंत्रावर राहतो, कुठे चढवला जात नाही. रुंदी १६०० पिक्सेल करा, प्रकार वेबपी निवडा, दर्जा ७५ च्या आसपास ठेवा. बहुतेक फोटो २०० ते ३०० केबीत बसतात आणि फोनच्या पडद्यावर डोळ्याला फरक कळत नाही.

आणखी दोन बारकावे, साइट करणाऱ्याला वाचून दाखवण्यासारखे. पहिल्या पडद्यावरच्या फोटोला ‘लेझी लोडिंग’ (पान तिथवर सरकवल्यावरच फोटो आणण्याची सोय) लावू नये. खालच्या फोटोंना जरूर लावावं. आणि प्रत्येक फोटोची रुंदी-उंची कोडमध्ये लिहिलेली असावी, म्हणजे फोटो येईपर्यंत त्याची जागा राखलेली राहते. नाहीतर होतं काय, माणूस ‘फोन करा’वर बोट टेकवतो, तेवढ्यात वरून फोटो उतरतो, बटण खाली सरकतं आणि भलतंच काही दाबलं जातं. गूगल या दोन्ही गोष्टी मोजतं: पानावरचा सगळ्यात मोठा घटक अडीच सेकंदांत दिसावा आणि मजकूर हलण्याचा आकडा ०.१ च्या आत असावा, अशी त्यांची अपेक्षा आहे. गूगलच्याच पेजस्पीड इनसाइट्स या साधनावर साइटचा पत्ता टाकला की दोन्ही आकडे मिळतात. १०० पैकी १०० गुण मिळवण्याच्या नादी लागू नका.

देवनागरी नीट दिसली पाहिजे

मराठी साइट बघताक्षणी ‘घरगुती’ वाटते, ती बहुतेक वेळा अक्षरांमुळे. आणि हा भाग इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

देवस्थानच्या स्मरणिकेचा किंवा मंडळाच्या पत्रिकेचा मजकूर बऱ्याचदा डीटीपीवाल्याकडे जुन्या, युनिकोड (सगळ्या यंत्रांवर चालणारी अक्षरांची सामायिक पद्धत) नसलेल्या फॉन्टमध्ये असतो. तो उचलून साइटवर टाकला की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा खिचडा दिसतो. त्यावर उपाय म्हणून काही जण अख्खी पत्रिका चित्र करून चढवतात. मग ती फोनवर वाचता येत नाही, गूगलला सापडत नाही, आणि अंधांच्या वाचक-सॉफ्टवेअरसाठी ते कोरं पान ठरतं. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि बदलल्यावर जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्यांखालून घाला. रूपांतरात हमखास तेच बिघडतात.

फॉन्टसाठी मुक्ता, बलू, नोटो सान्स देवनागरी किंवा तिरो देवनागरी मराठी यांपैकी काहीही चालेल. सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. बलू मथळ्यांना शोभतो, लांब मजकुराला नको. दोनपेक्षा जास्त फॉन्ट वापरू नका. देवनागरीच्या फाइली आधीच जड असतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे हे नोंदवलेलं असावं. काही फॉन्ट त्यावरूनच ठरवतात की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दाखवायचे की हिंदी.

अक्षराचा आकार १८ पिक्सेल ठेवा. इंग्रजीला १६ पुरतो, पण त्याच आकाराची देवनागरी बारीक भासते. ओळींमधलं अंतर अक्षराच्या किमान १.६ पट, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात. अक्षरांमधलं अंतर मात्र वाढवू नका, शून्यच राहू दे. तयार इंग्रजी टेम्पलेटमध्ये मथळ्यांना ते हटकून वाढवलेलं असतं आणि मराठीत त्याने शिरोरेखा तुकड्यातुकड्यांत तुटते. हे एवढं एक दुरुस्त केलं तरी साइट निम्मी सुधारते.

रंगांत फिकट राखाडी अक्षर पांढऱ्यावर नको. वेब सुलभतेच्या मानकात मजकूर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान ४.५ ला १ सांगितला आहे. उन्हात स्कूटर बाजूला लावून पत्ता बघणाऱ्याला या आकड्याचं मोल कळतं.

भाषा बदलायची सोय वरच्या कोपऱ्यात, एका दाबात. प्रत्येक भाषेचं नाव त्या भाषेच्याच लिपीत लिहा. मराठी, कोंकणी, इंग्रजी यांना झेंडे लावायच्या भानगडीत पडू नका. आणि इंग्रजी पान यंत्राने भाषांतर करून तसंच सोडू नका. ते अर्धवट ठेवण्यापेक्षा पाच नीट ओळी लिहिलेल्या बऱ्या.

पत्त्यात तालुका हवाच

‘केरी, गोवा’ असं लिहिलंत तर पाहुणा कुठे पोहोचेल? एक केरी पेडण्यात समुद्राकाठी, एक सत्तरीत, एक फोंड्यात विजयादुर्गेची. गाव, वाडा, तालुका, जवळचं देऊळ किंवा तिठा, आणि नकाशाची पिन. पिन स्वतः घराच्या दाराशी उभं राहून टाका. गूगल कधी कधी मागच्या बागायतीतल्या पायवाटेने आणून सोडतं.

जानेवारी २०२३ पासून मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि नवाच घोळ झाला. मोपा पेडण्यात, दाबोळी मुरगावात. काणकोणला राहायला येणारा मोपाचं तिकीट काढून बसला, तर त्याला जवळजवळ अख्खा गोवा ओलांडावा लागतो. तुम्हाला जवळचा विमानतळ कुठला, रेल्वेने आल्यास थिवी, करमळी की मडगाव, हे एका ओळीत लिहा.

खरेपणा दिसेल असं काहीतरी

होमस्टे असेल तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. तो क्रमांक पानाच्या तळाशी द्या. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक. साइटवरून थेट विक्री होत असेल तर ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार कुणाकडे करायची हे दाखवावं लागतं. कायद्याचं ओझं म्हणून नव्हे, शंकेखोर माणूस खाली जाऊन हेच शोधतो म्हणून ते नीट लिहा.

‘फक्त १ खोली शिल्लक!’, ‘आत्ता २३ जण हे पान बघताहेत’ असल्या खोट्या घाई लावणाऱ्या पाट्या टेम्पलेटमध्ये तयार मिळतात. त्या काढा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये जे १३ फसवे प्रकार ठरवून बंद केले, त्यांत खोटी घाई पहिल्याच क्रमांकावर आहे.

आल्या आल्या तोंडावर उघडणाऱ्या खिडक्या, ‘नोटिफिकेशन चालू करा’चा आग्रह, आपोआप वाजणारं संगीत: हेही नको. देवस्थानच्या साइटवर आरती ऐकवायची असेल तर बटण द्या. रात्री अकराला अंथरुणात साइट उघडणाऱ्याचं घर जागं करू नका.

दुसऱ्याच्या हातात फोन द्या

तुमची साइट तुम्हाला नेहमीच स्पष्ट वाटणार. म्हणून ज्याने ती पाहिली नाही अशा एखाद्याला, शेजारच्या काकींना किंवा बहिणीच्या नवऱ्याला, त्यांच्याच फोनवर लिंक पाठवा. पाच सेकंदांनी फोन उलटा ठेवायला सांगा आणि विचारा: हे कुणाचं आहे? काय मिळतं? तुम्हाला हवं असेल तर आता काय कराल? मध्ये बोलू नका, समजावू नका. ते अडखळले की तिथे खूण करा. वयस्कर माणूस आणि कॉलेजातलं पोरगं, दोघांकडून करून घ्या. दोघं वेगळ्या ठिकाणी अडतात.

मग घरचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर उघडा. सत्तरी किंवा सांग्याच्या आतल्या गावात कुणी नातेवाईक असेल तर त्याला उघडायला सांगून किती वेळ लागला ते विचारा. पणजीत बसून झटकन उघडणारी साइट तिथे दमते.

साइट चालू झाल्यावर व्हॉट्सॲपवर येणारे प्रश्न बघत राहा. उत्तर पानावर असूनही तोच प्रश्न पुन्हा पुन्हा येत असेल, तर उत्तर चुकीच्या जागी किंवा फार खाली आहे, वर आणा. दर, वेळा आणि फोटो बदलण्यासाठी वर्षातले तीन दिवस कॅलेंडरवर लिहून ठेवा: जून लागण्याआधी, चवथीच्या आधी आणि ऑक्टोबरात हंगाम सुरू होताना. देवस्थान असेल तर चौथा, जत्रेच्या महिनाभर आधीचा, कारण जत्रेचा कार्यक्रम बघायला मुंबई आणि कारवारकडचे महाजन तेव्हाच साइट उघडतात, आणि तिथे गेल्या वर्षीच्या तारखा असल्या की फोन कार्यालयात वाजायला लागतात.